हजार नंबरचा दगड

इंजिनिअरिंग कॉलेजात मैत्री कशी होते? स्वभाव जुळतात म्हणून नाही, रोल नंबर लागून येतात म्हणून! प्रॅक्टिकलची बॅच, व्हायवाची रांग, परीक्षेतला बेंच, सगळं काही रोल नंबरवर. चार वर्षं ज्याच्या पाठीकडे बघत आपण पेपर लिहितो, तो आयुष्यभर लक्षात राहतो.

आकाशातसुद्धा अशी एक बॅच आहे. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या मधे लाखो लहान-मोठे दगड सूर्याभोवती फिरतात. याला लघुग्रहांचा मुख्य पट्टा म्हणतात. एखाद्या लघुग्रहाची कक्षा पक्की झाली की त्याला एक क्रमांक मिळतो, आणि मग नाव. त्या यादीत ९९८ वर आहे बोडेआ, ९९९ वर झाकिया, १००० वर पियाझिया, १००१ वर गॉसिया आणि १००२ वर ओल्बर्सिया. हे पाचही दगड १९२३ मध्ये सापडले. नावं ठेवणाऱ्यांनी पाच खऱ्या माणसांना शेजारी शेजारी बसवलं, कारण १८०१ साली या पाच जणांनी मिळून एक हरवलेली वस्तू शोधली होती. त्यातला मधला, हजार नंबरवाला, म्हणजे ज्युसेप्पे पियाझी. ही त्याची गोष्ट.

पियाझीचा जन्म १६ जुलै १७४६ चा. गाव पोंते, उत्तर इटलीत आल्प्सच्या कुशीतलं. तरुणपणीच तो थिएटाइन नावाच्या ख्रिस्ती पंथात दाखल झाला आणि धर्मगुरू बनला. त्या काळी चर्चमधली माणसंच शिकवायचं कामही करायची. पियाझी माल्टा, रावेना अशा ठिकाणी गणित आणि तत्त्वज्ञान शिकवत फिरला आणि शेवटी सिसिली बेटावर पालेर्मोला गणिताचा प्रोफेसर म्हणून आला.

इथपर्यंत त्याच्या बायोडेटात खगोलशास्त्र कुठेच नाही! पण सिसिलीच्या सरकारला पालेर्मोत वेधशाळा हवी होती आणि ती उभारायचं काम आलं पियाझीकडे. वय चाळिशी ओलांडलेलं. ज्या वयात माणसं नवीन काही शिकायचा नाद सोडतात, त्या वयात हा गडी १७८७ मध्ये पॅरिसला गेला आणि लालांद या नामवंत खगोलशास्त्रज्ञाच्या हाताखाली वेध घ्यायला शिकू लागला. तिथून तो इंग्लंडला गेला. ग्रीनिचच्या वेधशाळेत मास्कलिनला भेटला. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलकडेही गेला आणि असं सांगतात की हर्शेलच्या अवाढव्य दुर्बिणीच्या शिडीवरून पडून त्याने हात मोडून घेतला.

पण पियाझी इंग्लंडला गेला होता तो जेसी रॅम्सडेन या कारागिरासाठी. मेकॅनिकलच्या मंडळींनी हे नाव लक्षात ठेवायला हवं. धातूच्या वर्तुळावर अंशांच्या समान खुणा पाडणारं यंत्र त्याने बनवलं होतं. आज लेथवरचं इंडेक्सिंग आपल्याला बोअर वाटतं, पण तेव्हा जहाजांची दिशा आणि देशांचे नकाशे अशा खुणांवर अवलंबून होते. रॅम्सडेनच्या हाताला तोड नव्हती. फक्त एकच अडचण होती, तो वेळेवर काहीही द्यायचा नाही. एकदा म्हणे तो राजाने बोलावलेल्या दिवशी, अगदी ठरलेल्या वेळेला राजवाड्यात हजर झाला, पण बरोबर एक वर्ष उशिरा! आपल्या सबमिशनच्या सगळ्या सबबी या माणसापुढे फिक्या आहेत.

पियाझीला पाहिजे होतं पाच फूट व्यासाचं उभं वर्तुळ. त्यावर दुर्बीण बसवलेली आणि अंश वाचायला सूक्ष्मदर्शक लावलेले. ताऱ्याची उंची आणि दिशा दोन्ही मोजता यायला हव्या होत्या. एवढं मोठं पूर्ण वर्तुळ बनवणं सोपं नव्हतं. पियाझीने मग एकच उपाय केला. तो लंडनला तळ ठोकून बसला आणि रॅम्सडेनच्या मागे लागला. रोज विचारणा, रोज आर्जव. ऑगस्ट १७८९ मध्ये ते यंत्र तयार झालं. पालेर्मोच्या राजवाड्याच्या एका बुरुजावर वेधशाळा उभी राहिली आणि १७९० मध्ये तिची स्थापना झाली. ते पितळी वर्तुळ आजही पालेर्मोत जपून ठेवलेलं आहे.

यंत्र हातात आल्यावर पियाझीने जे काम निवडलं ते ऐकूनच आपल्याला झोप येईल. आकाशातल्या हजारो ताऱ्यांची स्थानं मोजायची आणि यादी करायची. बस्स! कुठलाही नवा सिद्धांत नाही, की कुठलं नाट्य नाही. आणि त्याचा एक कडक नियम होता. ताऱ्याचं एका रात्रीचं रीडिंग तो धरायचाच नाही. तोच तारा वेगवेगळ्या रात्री पुन्हा पुन्हा मोजायचा आणि मगच तो यादीत घालायचा. आपल्याकडे एक रीडिंग खरं घेऊन बाकीची चार कशी येतात ते लॅबमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे, सरांनासुद्धा. पियाझीने असला शॉर्टकट घेतला असता तर पुढे जे घडलं ते घडलंच नसतं.

आता थोडी पार्श्वभूमी. त्या काळी एक गमतीचा नियम गाजत होता, टिटियस-बोडे नियम. ०, ३, ६, १२, २४ अशी दुप्पट होत जाणारी संख्यामाला घ्या. प्रत्येकीत ४ मिळवा आणि १० ने भागा. उत्तरं येतात ०.४, ०.७, १.०, १.६, २.८, ५.२, १०. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर १ धरलं, तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी यांची अंतरं जवळपास हीच! १७८१ मध्ये युरेनस सापडला तोही जवळपास बरोबर जागी बसला. हा नियम का लागू पडतो हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पण एक जागा रिकामी होती, २.८ ची. मंगळ आणि गुरूच्या मधे. बोडेला खात्री होती की तिथे ग्रह असणारच.

म्हणून सप्टेंबर १८०० मध्ये जर्मनीतल्या लिलिएन्थाल गावात काही खगोलशास्त्रज्ञ जमले. फॉन झाक त्यात पुढे होता, ओल्बर्सही होता. त्यांनी ठरवलं की राशीचक्राचे २४ भाग करायचे आणि युरोपातल्या २४ जणांना एकेक भाग वाटून द्यायचा. आकाशातले पोलीसच म्हणा ना. त्या २४ जणांच्या यादीत पियाझीचं नाव होतं. पण ते पत्र त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच त्याचं काम झालं होतं!

१ जानेवारी १८०१, म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा पहिलाच दिवस. लोक नव्या शतकाच्या आनंदात, आणि ५४ वर्षांचा पियाझी नेहमीप्रमाणे बुरुजावर. वृषभ राशीतले तारे मोजणं चालू होतं. जो तारा तपासायचा होता त्याच्या जवळच एक मंद ठिपका दिसला. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्याने त्याचंही रीडिंग लिहून ठेवलं. दुसऱ्या रात्री नियमाप्रमाणे पुन्हा मोजलं, तर ठिपका काही कला सरकलेला. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी साधारण ३० कला असते, त्यावरून अंदाज करा. पहिलं रीडिंग चुकलं असेल असं त्याला आधी वाटलं. तिसऱ्या रात्री तेवढाच पुढे सरकला. चौथ्या रात्री शंका उरली नाही. तारे असे चालत नाहीत.

पियाझीने २४ जानेवारीला काही पत्रं पाठवली. बर्लिनला बोडेला आणि मिलानला आपला मित्र ओरियानीला. पत्रात त्याने सावधपणे धूमकेतू असा शब्द वापरला. फक्त ओरियानीला मनातलं कळवलं की याला शेपूट नाही, धूसरपणा नाही आणि चाल अगदी सावकाश आहे, तेव्हा ही धूमकेतूपेक्षा मोठी गोष्ट असू शकते. पण सगळी रीडिंग्ज मात्र त्याने दिली नाहीत. कक्षा आधी आपण काढावी, मग जगाला सांगावं, असा त्याचा विचार होता. यात लोभ होता की धास्ती? थोडं दोन्ही असावं. वर्षानुवर्षं मान मोडून काम केलेल्या माणसाला एकदाच काहीतरी सापडतं आणि ते आपलं नाव लागायच्या आत दुसऱ्याच्या हाती जाईल, ही भीती आपल्यापैकी प्रोजेक्ट केलेल्या कुणालाही कळेल.

पण त्या धास्तीची किंमत मोठी होती. ११ फेब्रुवारीनंतर पियाझी आजारी पडला आणि वेध थांबले. युरोपात युद्धाची धामधूम चालू असल्याने पत्रं पोचायला आठवडेच्या आठवडे लागले. बोडेला पत्र मिळालं ते मार्चच्या वीस तारखेला. तोपर्यंत तो ठिपका संध्याकाळच्या उजेडात बुडून सूर्याआड चालला होता. बोडेने आनंदाने जाहीर केलं की रिकाम्या जागेतला ग्रह मिळाला. पण दाखवा म्हटलं तर दाखवणार काय? पियाझीने सगळी रीडिंग्ज द्यावीत म्हणून सगळीकडून तगादा सुरू झाला, नाराजी वाढू लागली. शेवटी सप्टेंबर १८०१ मध्ये फॉन झाकच्या मासिकात ती सगळी छापून आली. पियाझीने त्या ग्रहाला सेरेस नाव दिलं. सेरेस ही धान्याची रोमन देवता, सिसिलीची रक्षणकर्ती. सोबत आपल्या राजाचं, फर्डिनांडचं नावही जोडलं होतं. ते पुढे गळून पडलं.

नाव मिळालं, पण ग्रह गायब! सूर्याच्या मागून बाहेर आल्यावर तो नेमका कुठे असेल हे सांगणं महाकठीण. का ते बघा. दुर्बीण आपल्याला फक्त दिशा सांगते, अंतर नाही. ठिपका जवळचा आणि हळू आहे की लांबचा आणि वेगवान, हे एका रीडिंगवरून कळत नाही. वर ज्या पृथ्वीवर उभं राहून बघायचं तीही फिरतेय. पियाझीकडे होते एकूण ४१ दिवस. सेरेसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ४.६ वर्षं लागतात, म्हणजे हातात फेरीचा अडीच टक्के भागसुद्धा नव्हता. पिक्चरची पहिली चार मिनिटं बघून क्लायमॅक्स सांगण्यातला प्रकार! अनेक अनुभवी लोकांनी कक्षा काढल्या आणि त्या जागी दुर्बिणी लावल्या. काही दिसलं नाही.

इथे एंट्री होते कार्ल फ्रीडरिश गॉसची. वय २४, म्हणजे आपल्या कॉलेजात एम.ई. करणाऱ्यांएवढं. झाकच्या मासिकातली रीडिंग्ज त्याने वाचली आणि बाकी कामं बाजूला ठेवून तो याच्या मागे लागला. त्याचा विचार साधा होता. कक्षा वर्तुळ असेल असं आधीच गृहीत का धरायचं? लंबवर्तुळाची जागा, आकार आणि त्यावरचा ग्रह ठरवायला सहा संख्या लागतात. एका रीडिंगमधून दोन कोन मिळतात. म्हणजे तीन रीडिंग्ज, सहा समीकरणं, सहा अज्ञात. मात्र ही समीकरणं सरळ सुटणारी नाहीत. केप्लरचे नियम वापरून आधी अंतराचा अंदाज काढायचा, मग तो सुधारायचा, पुन्हा सुधारायचा. न्यूमेरिकल मेथड्सच्या पेपरात आपण ज्याला इटरेशन म्हणतो तेच, फक्त कॅल्क्युलेटरशिवाय. मग उरलेल्या रीडिंग्जशी उत्तर ताडून बघायचं. चुका असलेल्या अनेक रीडिंग्जमधून सगळ्यात चांगलं उत्तर काढण्याची लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत लजांद्रने १८०५ मध्ये छापली आणि गॉसने १८०९ च्या ग्रंथात ग्रहांच्या कक्षांच्या संदर्भात सविस्तर मांडली. एम-थ्रीला छळणारं ते प्रकरण या दगडांशी असं बांधलेलं आहे.

गॉसने सांगितलेली जागा बाकीच्यांच्या जागेपासून बरीच दूर होती, कितीतरी अंश पूर्वेला. नामवंतांचं ऐकायचं की या पोराचं? झाकने पोराचं ऐकलं. डिसेंबरमधल्या ढगाळ रात्री सरता सरता ३१ डिसेंबर १८०१ ला त्याची खात्री पटली. सेरेस तिथेच होता, गॉसच्या जागेपासून अर्ध्या अंशाच्या आत. लगेच ब्रेमेनमध्ये ओल्बर्सनेही तो पाहिला. ओल्बर्स पेशाने डॉक्टर, दिवसा पेशंट आणि रात्री तारे. सापडल्यापासून बरोबर वर्षभराने सेरेस पुन्हा हाती आला.

श्रेय कुणाचं, यावर भांडण होऊ शकलं असतं. पण गॉसला माहीत होतं की रीडिंग्ज गचाळ असती तर त्याच्या गणिताने काहीही झालं नसतं. सहा समीकरणांत कचरा घातला की उत्तरही कचराच येतं. १८०६ मध्ये गॉसला पहिला मुलगा झाला, त्याचं नाव त्याने जोसेफ ठेवलं, पियाझीवरून. ज्युसेप्पे म्हणजेच जोसेफ. मला स्वतःला वाटतं की लघुग्रहाला नाव मिळण्यापेक्षा हा मान मोठा आहे.

पुढे मात्र सेरेसचं ग्रहपण डळमळलं. मार्च १८०२ मध्ये ओल्बर्सला जवळपास तेवढ्याच अंतरावर पॅलास सापडला. मग १८०४ मध्ये हार्डिंगला जुनो आणि १८०७ मध्ये पुन्हा ओल्बर्सलाच व्हेस्टा. एका जागेसाठी चार उमेदवार! हे फारच लहान आहेत, दुर्बिणीतून ताऱ्यासारखे नुसते ठिपके दिसतात, म्हणून हर्शेलने त्यांना ताऱ्यासारखे अशा अर्थाचं अॅस्टेरॉइड हे नाव सुचवलं. पियाझीला ते पटलं नाही. हे तारे नाहीत, तेव्हा प्लॅनेटॉइड म्हणावं असं त्याचं मत पडलं. चाललं हर्शेलचं.

राजाने पियाझीच्या सन्मानासाठी सुवर्णपदक काढायचं ठरवलं होतं. पियाझीने विनंती केली की त्या पैशात वेधशाळेसाठी नवं उपकरण घेऊ द्या. आणि तो परत आपल्या यादीकडे वळला. १८०३ मध्ये त्याचा ६,७४८ ताऱ्यांचा कॅटलॉग आला. तेवढ्यावर न थांबता त्याने पुन्हा मोजणी केली आणि १८१४ मध्ये ७,६४६ ताऱ्यांचा दुसरा आला. याच कामात त्याला दिसलं की हंस तारकासमूहातला ६१ क्रमांकाचा तारा बाकीच्यांपेक्षा फार भरभर जागा बदलतो. म्हणजे तो आपल्या जवळचा असणार. हा धागा धरून १८३८ मध्ये बेसेलने त्याचं अंतर मोजलं. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचं विश्वासार्ह अंतर माणसाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते पाहायला पियाझी नव्हता.

या कॅटलॉगमध्ये एक खोडीही लपलेली आहे. पियाझीचा सहायक होता निकोलो काचियातोरे. १८१४ च्या यादीत धनिष्ठा नक्षत्रातल्या दोन ताऱ्यांना सुआलोसिन आणि रोटानेव अशी विचित्र नावं आली. कित्येक वर्षं कुणाला अर्थ लागेना. मग कुणीतरी रोमन अक्षरं उलटी वाचली, तर निकोलाउस वेनाटोर! काचियातोरे म्हणजे शिकारी, आणि त्याचं लॅटिन रूप वेनाटोर. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने ही नावं अधिकृतही केली. हॉस्टेलच्या बेंचवर करकटकाने नाव कोरणाऱ्यांनी यातून स्फूर्ती घेऊ नये ही विनंती.

पियाझीने आणखीही कामं केली. सिसिलीत गावोगावी वेगवेगळी वजनं-मापं चालायची, ती एकसारखी करण्याच्या कामात तो पुढे होता. पालेर्मोच्या कॅथेड्रलच्या फरशीवर त्याने मध्यान्हरेषा आखली. १८१७ पासून नेपल्सच्या नव्या वेधशाळेचीही जबाबदारी आली. २२ जुलै १८२६ ला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तो नेपल्समध्ये गेला.

आज माहीत असलेल्या लघुग्रहांची संख्या दहा लाखांच्या वर गेली आहे. सेरेस त्यात सगळ्यात मोठा, व्यास सुमारे ९४० किलोमीटर. २००६ पासून त्याला बटुग्रह म्हणतात. १८०३ मध्ये सापडलेल्या सेरियम या धातूला त्याचंच नाव मिळालं, आणि लायटरची ठिणगी पडते तीही याच धातूच्या मिश्रणामुळे. मार्च २०१५ मध्ये डॉन नावाचं यान सेरेसभोवती फिरू लागलं. त्याने तिथले क्षारांचे चमकते डाग आणि खाली गोठलेल्या पाण्याच्या खुणा पाहिल्या. २०१८ मध्ये इंधन संपलं आणि यान गप्प झालं. आणि पियाझिया? तो पट्ट्याच्या बाहेरच्या भागात साडेपाच वर्षांहून थोड्या जास्त काळात एक फेरी मारतो. शांत आणि नियमित, त्याच्या नावाच्या माणसासारखा.

सेरेस नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, पण तो सूर्याच्या समोरच्या बाजूला असताना साध्या बायनॉक्युलरमधून दिसतो. नकाशा बघून हॉस्टेलच्या गच्चीवरून त्या भागातले सगळे ठिपके कागदावर काढा. दोन दिवसांनी पुन्हा काढा. जो सरकला असेल तो सेरेस. मात्र दुसरं चित्र पहिल्यावरून उतरवू नका!